आवाहनानंतरची गादी

रात्री पावणेदहाची वेळ. जुन्या गाण्यांचा कार्यक्रम. गाणं विरता विरता निवेदिकेचा आवाज आला, पण रोजचा खळाळता नव्हे; कागदावरून वाचताना येतो तसा, जरा कोरडा. 'श्रोते हो, एक विनंती आहे,' म्हणून तिने सुरुवात केली. जाहिराती फार कमी झाल्यात, केंद्र चालवणं अवघड झालंय, हा आवाज तुम्हाला हवा असेल तर जमेल तेवढी मदत करा. मग नंबर. एकदा भरभर, एकदा सावकाश. शेवटच्या दोन आकड्यांपाशी ती किंचित अडखळली, आणि त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. रेडिओवरची शांतता फार लवकर अंगावर येते. पहिल्या सेकंदाला माणूस मान वर करतो, दुसऱ्याला सेल गेले की काय असं वाटतं, तिसऱ्याला हात बटणाकडे जातो. इथे चार सेकंद गेले. आणि मग एकदम ठणाणा करत गादीची जाहिरात लागली. पाठीला आराम, शांत झोपेची हमी, जुनी गादी आणा आणि नवी घेऊन जा.

हसावं की वाईट वाटून घ्यावं, हे कळेना.

गादीला दोष देण्यात अर्थ नाही. जाहिराती कधी, कुठे, किती वेळा वाजायच्या हे ठरवणाऱ्या विभागाला रेडिओच्या धंद्यात 'ट्रॅफिक' म्हणतात. रस्त्यावरच्या ट्रॅफिकशी त्याचं नातं तसं खरंच आहे: सगळ्यांना एकाच वेळी एकाच जागी पोचायचं असतं. जाहिरात एजन्सीकडून रिलीज ऑर्डर येते, तीत लिहिलेलं असतं की अमुक लांबीचा स्पॉट, म्हणजे जाहिरात, अमुक तारखांना, अमुक वेळेच्या पट्ट्यात, दिवसाला इतक्यांदा. ट्रॅफिकवाला आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा लॉग, म्हणजे कशानंतर काय वाजायचं त्याची यादी, लावतो. दोन गाद्या, दोन बँका, दोन शिकवण्या शेजारीशेजारी येणार नाहीत एवढं तो बघतो. तयार लॉग प्लेआउटच्या, म्हणजे गाणी-जाहिराती वाजवणाऱ्या, संगणकात जातो. ठरलेल्या पट्ट्यात स्पॉट वाजला नाही तर तो दुसऱ्या दिवशी फुकट वाजवून भरपाई करावी लागते, नाहीतर बिलातून कापला जातो. आवाहन मात्र रिलीज ऑर्डरने आलेलं नसतं. ते दुपारच्या मीटिंगमध्ये ठरतं आणि संध्याकाळी कागदावर निवेदिकेच्या हातात पडतं. लॉगमध्ये त्याला स्वतःची ओळच नसते. तिने ते आपल्या बोलण्याच्या जागेत, ब्रेकच्या तोंडाशी बसवलं. पुढे गादी आधीपासूनच उभी होती.

म्हणजे चूक कोणाचीच नाही, आणि तरी जे वाजलं ते असं वाजलं: आमच्याकडे पैसे नाहीत, मदत करा, आणि हो, गादी घ्या.

व्यावसायिक रेडिओचा व्यवहार फार साधा आहे, इतका साधा की ऐकणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही. गाणं हा काही माल नव्हे, ते आमिष. माल म्हणजे ऐकणारा. सकाळी आठ ते अकरा अमुक हजार कान इथे असतात, असं सांगून ते कान दहा दहा सेकंदांच्या तुकड्यांत विकले जातात. तासाला १२ मिनिटं जाहिरातींसाठी ठेवली, तर दहा सेकंदांचे ७२ तुकडे होतात. भरभराटीच्या काळात त्यातले बहुतेक विकलेले असतात आणि ट्रॅफिकवाला हात जोडून विक्रीवाल्यांना सांगत असतो की आता सकाळ भरली, दुपारचं बघा. पडत्या काळात ७२ पैकी वीस विकले जातात. उरलेल्या बावन्नांचं काय करायचं, हा प्रश्न रोज, दर तासाला समोर येतो. न विकलेली सीट विमानतळावर राहत नाही, ती विमानासोबत रिकामी उडून जाते. रेडिओचे दहा सेकंदही तसेच.

या रिकाम्या तुकड्यांवरून केंद्राची तब्येत बाहेरूनही ओळखता येते. आधी स्वतःच्याच कार्यक्रमांच्या जाहिराती वाढतात. मग हात धुवा, हेल्मेट घाला असे जनहिताचे संदेश भर दुपारी, तेही एका तासात तीनदा ऐकू येतात. मग एकाच जाहिरातदाराचा स्पॉट एका ब्रेकमध्ये दोनदा वाजतो, कारण त्याला एकावर एक फुकट दिलेला असतो. पुढची पायरी जरा बारकाईने ऐकणाऱ्याला कळते: निवेदक वेळ सांगणं बंद करतो. 'आत्ता वाजलेत नऊ वाजून वीस मिनिटं' हे वाक्य गायब होतं, त्याजागी 'ही सुंदर संध्याकाळ' येते. कारण तो तिथे नसतो. त्याने चार तासांचं बोलणं दुपारीच अर्ध्या तासात ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं असतं. गाण्यांच्या मधल्या जागांत संगणक ते तुकडे बसवतो. याला व्हॉइस ट्रॅकिंग म्हणतात. नीट केलं तर कळतही नाही, पण पाऊस पडत असताना निवेदक कोरड्या आवाजात 'काय छान मोकळं आकाश' म्हणाला की पितळ उघडं पडतं. रात्रीच्या पाळीचा माणूस गेलेला असतो, सकाळच्याला रात्रीचं काम दिलेलं असतं, आणि दोघांच्या पगारातला फरक कुठेतरी विजेच्या बिलात मिसळून गेलेला असतो.

वीज हा वेगळाच जीव आहे. १० किलोवॉटचा एफएम ट्रान्समीटर घ्या. चांगल्या सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या, यंत्राची कार्यक्षमता ७० टक्क्यांच्या आसपास धरली, तर १० किलोवॉट अँटेनाकडे पाठवायला भिंतीतून सव्वाचौदा किलोवॉट ओढावे लागतात. मधले सव्वाचार उष्णता होतात, आणि ती उष्णता खोलीबाहेर काढायला पंखे आणि एसी आणखी दीड-दोन किलोवॉट खातात. ताशी १६ युनिट. दिवसाला ३८४. महिन्याला साडेअकरा हजार युनिट. स्टुडिओतले दिवे, संगणक, मालकाच्या केबिनमधला एसी हे यात धरलेलंच नाही. दिवे बंद करा, अशी पाटी अडचणीतल्या केंद्राच्या प्रत्येक बटणाखाली चिकटवलेली असते. ती वाचून हसू येतं, कारण ट्रान्समीटर दूर टेकडीवर किंवा टॉवरखाली बसून तासाला १६ युनिट गिळत असतो आणि त्याच्यापर्यंत ती पाटी पोचत नाही.

म्हणून एक दिवस ताकद कमी केली जाते. गुपचूप. १० वरून ५ किलोवॉटवर आणलं तर ट्रान्समीटरचं बिल जवळपास निम्मं होतं, आणि शहरात बसलेल्या माणसाला काहीही कळत नाही. ताकद निम्मी होणं म्हणजे ३ डेसिबलची घट; कानाला ती आवाज कमी झाल्यासारखी जाणवत नाही, कारण एफएममध्ये आवाजाची पातळी सिग्नलच्या ताकदीवर ठरतच नाही. फरक पडतो तो कडेला. दोन बाजूंना वेगळा आवाज देणाऱ्या स्टिरिओला एकेरी मोनोपेक्षा कितीतरी जास्त सिग्नल लागतो, म्हणून कडेच्या गावांत आधी खरखर येते ती स्टिरिओत. मग गाडीचा रेडिओ आपोआप मोनोवर घसरतो. मग वळणावर, पुलाखाली, आवाज तुटतो. अशा कडेच्या एखाद्या घरात कोणीतरी एरियल थोडी फिरवून बघतो आणि म्हणतो, आजकाल नीट लागत नाही. तो तक्रार करत नाही, दुसरं काहीतरी लावतो. ज्या दिवशी देणगीचं आवाहन होतं, त्या दिवशी तो ऐकत नसतो.

कधी कधी ताकद कमी करावी लागत नाही, ती स्वतःच होते. ट्रान्समीटरमध्ये शक्ती वाढवणारी सारखी मॉड्यूल्स असतात, समजा आठ. आठांची ताकद एकत्र करून वर पाठवली जाते. एक जळालं तर एक अष्टमांश ताकद जाईल असं साध्या हिशोबाने वाटतं. तसं होत नाही. जोडणीच अशी असते की उरलेल्या सातांचीही काही शक्ती वर न जाता आतल्या एका रोधकात उष्णता होऊन वाया जाते. हाती राहतो सात अष्टमांशाचा वर्ग, म्हणजे साधारण ७७ टक्के. एक गेलं की तेवीस टक्के जातात. दोन गेली तर निम्म्याच्या थोडं वर उरतं. पैसा असेल तर मॉड्यूल काढून दुरुस्तीला पाठवतात आणि त्याजागी सुटं बसवतात. पैसा नसेल तर सुटं आधीच वापरून झालेलं असतं. माणसांचंही असंच असतं असं म्हणायचा मोह होतो. रात्रीचा निवेदक गेला तर आठातला एक गेला असं कागदावर दिसतं, पण उरलेल्या सातांची किती उष्णता त्याची जागा भरण्यात जाते हे मोजायला तिथे मीटर नसतो.

फिल्टर वेळेवर न बदलणं, ही दुसरी काटकसर. हवा आत घेणाऱ्या जाळीवर धूळ बसते, हवा कमी येते, यंत्र तापतं, तापलं की स्वतःला वाचवायला ताकद उतरवतं किंवा बंद पडतं. अँटेनाकडे जाणाऱ्या जाड पोकळ केबलमध्ये कोरडी हवा भरून थोडा दाब ठेवतात, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही. तो दाब दाखवणारा काटा कोणी आठवड्याला एकदा बघायचा असतो. बघणाऱ्याला कमी केलं की काटा हळूहळू शून्यावर येतो, केबलच्या सांध्यात पाणी जमतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात अँटेनाकडे पाठवलेली शक्ती उलटी परत यायला लागते. ट्रान्समीटर ती परतफेड ओळखतो आणि झटक्यात बंद होतो. पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद. ऐकणाऱ्याला वाटतं, केंद्राचे शेवटचे आचके. ते फक्त पाणी असतं. पण ते काढायला टॉवरवर चढणारा माणूस लागतो, आणि तो उधारीवर चढत नाही.

इतकं सगळं चालतं ते कोणासाठी, हे ट्रान्समीटरला माहीत नसतं. रेडिओची ही गोष्ट मला कायम विलक्षण वाटत आली आहे. एकाने ऐकलं काय आणि लाखाने ऐकलं काय, टेकडीवर युनिट तेवढीच जळतात. एक जास्तीचा ऐकणारा रेडिओला फुकट पडतो. इंटरनेटवर उलटं आहे. तिथे ६४ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटच्या, प्रवाहावर एक माणूस तासाला जवळपास २९ एमबी ओढतो. हजार जण एकाच वेळी ऐकत असतील तर तासाला २९ जीबी. तिथे केंद्र लोकप्रिय झालं की खर्च वाढतो, पण कोण आलं, किती वेळ थांबलं, कोणत्या गाण्याला निघून गेलं हे सगळं दिसतं. हवेतल्या रेडिओला यातलं काही दिसत नाही. श्रोत्यांच्या डायऱ्या आणि पाहण्यांवरून तो अंदाज बांधतो, आणि तोच अंदाज जाहिरातदाराला विकतो. ऐकणारा कधी केंद्राला भेटलेलाच नसतो. वर्षानुवर्षं ज्याला तुकड्या-तुकड्यांनी विकलं त्याच्याकडे पहिल्यांदा वळून बघायचं, ते हात पसरताना. त्या रात्री निवेदिका अडखळली ती यामुळेच, असं आपलं माझं मत.

पैसे कोणी द्यायचे, हे रेडिओला जन्मापासून नीट ठरवता आलेलं नाही. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ केंद्रावरून एका घरबांधणी कंपनीने आपल्या सदनिकांबद्दल भाषण केलं, तेव्हापासून हवेचा वेळ विकायची वाट पडली. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी १० शिलिंगांचा परवाना सुरू झाला. अमेरिकेतल्या एका रेडिओ मासिकाने १९२४ मध्ये तर स्पर्धाच लावली: प्रसारणाचा खर्च कोणी आणि कसा द्यावा? बक्षीस ५०० डॉलर. जिंकणाऱ्याने सुचवलं की रेडिओच्या व्हॉल्व्हवर, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांवर, कर लावा. जितके जास्त व्हॉल्व्ह तितका जास्त कर, कारण मोठ्या संचाचा मालक जास्त ऐकतो. बक्षीस मिळालं, कर काही लागला नाही. याच काळात डब्ल्यूईएएफसाठी श्रोत्यांकडून निधी जमवायचाही प्रयत्न झाला आणि जमलं ते अगदी तुटपुंजं. ऐकणाऱ्यांनी खिशात हात घातला नाही, मग जाहिरातदाराने घातला, आणि पुढची शंभर वर्षं त्याचा हात तिथेच राहिला.

ऐकणाऱ्यांवरच केंद्र चालवायचं हे खऱ्या अर्थाने करून दाखवलं ते कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या केपीएफएने. १५ एप्रिल १९४९ ला ते सुरू झालं. लुईस हिल हा त्यामागचा माणूस. त्याचा हिशोब असा की परिसरातल्या एफएम ऐकणाऱ्यांपैकी २ टक्क्यांनी जरी वर्गणी भरली तरी केंद्र तगेल. दोन टक्के! म्हणजे अठ्ठ्याण्णव फुकटे गृहीतच धरलेले, आणि त्यांच्याबद्दल राग नाही. तरी १९५० मध्ये पैशांअभावी केंद्र बंद पडलं आणि पुन्हा उभं राहायला १९५१ उजाडलं. पण तिथे जाहिरात नव्हतीच, त्यामुळे मागण्याला एक सरळपणा होता. गादीही विकतो आणि मदतही मागतो, ही अडचण व्यावसायिक केंद्राची.

दोन टक्क्यांचा हिशोब आजही करून बघण्यासारखा आहे. नेमाने ऐकणारे ५०,००० धरले तर देणारे १,०००. महिन्याच्या खर्चाला हजाराने भागा, तेवढं प्रत्येकाने द्यायला हवं, तेही दर महिन्याला. एकदाच दिलेल्या मोठ्या रकमांनी पहिल्या आठवड्यात फार बरं वाटतं. आकडा फलकावर चढतो, टाळ्या होतात, आणि तीन महिन्यांनी केंद्र पुन्हा तिथेच येतं. या वेळी आवाहनाला निम्माही प्रतिसाद येत नाही, कारण 'शेवटची हाक' एकदा देऊन झालेली असते. म्हणून जाणती केंद्रं मासिक वर्गणी मागतात, लहान का होईना. तिलाही गळती लागते: कार्डाची मुदत संपते, खात्यात शिल्लक नसते, बँक हप्ता नाकारते. महिन्याला ३ टक्के गळती धरली तर वर्षाअखेर हजारातले ६९४ उरतात. म्हणजे नव्याने कोणीच आलं नाही तर दोन वर्षांत निम्म्याहून जास्त जातात. हप्ता नाकारला गेला की दोन दिवसांनी पुन्हा लावायचा, मग फोन करायचा, हे करायला एक माणूस लागतो. त्याचा पगार देणगीतूनच जायचा. पैसे वळते करून देणाऱ्या कंपनीची कपात असते ती वेगळी.

मागण्याचंही एक तंत्र आहे, आणि ते कोरडं वाचून दाखवण्यापेक्षा फार वेगळं आहे. एकट्याने मागायचं नाही. दोघांनी बोलायचं, म्हणजे गप्पा होतात. एकटा बोलला की विनवणी होते. एका वेळी चार-पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. कार्यक्रमाच्या आधी मागायचं नाही, मधे मागायचं, आवडतं गाणं होऊन गेल्या गेल्या, कारण त्या वेळी ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी नुकतंच पडलेलं असतं. 'केंद्र वाचवा' म्हणायचं नाही. बुडत्या जहाजात कोणी माल भरत नाही. 'आज रात्री बारापर्यंत साठ जण हवेत, आत्ता एकवीस झाले' असं म्हणायचं. साठाचा आकडा खरा हवा. नंबर जोडीजोडीने सांगायचा, तीनदा, आणि तिसऱ्यांदा सांगताना मागे संगीत नको. फोन घ्यायला माणसं बसलेली हवीत. उचलला न गेलेला फोन पुन्हा येत नाही. देणाऱ्याचं फक्त पहिलं नाव घ्यायचं आणि तेही विचारून. रक्कम कधीच सांगायची नाही. मोठी सांगितली तर लहान देणारा गप्प बसतो, लहान सांगितली तर मोठा खाली उतरतो. आणि आवाहनाच्या दोन्ही बाजूंना गाणं हवं. ट्रॅफिकवाल्याला आदल्या दिवशी सांगून लॉगमध्ये त्या मिनिटांना स्वतःची ओळ द्यायची, ब्रेक पुढे सरकवायचा. गादी दहा मिनिटांनी वाजली तर गादीवाल्याची काहीच हरकत नसते, पट्टा तोच असतो.

पण तंत्र जमलं तरी एक प्रश्न उरतो, आणि तो श्रोता फोनवर विचारतोच. मालक काय करतोय?

प्रश्न रास्त आहे. व्यावसायिक केंद्र ही कंपनी असते. चांगल्या वर्षांत नफा झाला तेव्हा तो श्रोत्यांत वाटला गेला नव्हता. आता तोटा वाटून घ्या म्हणायचं, तर वह्या उघडाव्या लागतात. बहुतेक ठिकाणी कंपनीला मिळालेली अशी मदत धर्मादाय देणगी ठरत नाही. ती उत्पन्नात धरली जाते, तिच्यावर कर बसू शकतो, आणि देणाऱ्याला कसलीही सवलत मिळत नाही. 'देणगी' हा शब्द वापरताच परवान्याच्या आणि कायद्याच्या अटी तपासाव्या लागतात. म्हणून हिशेबनीस सांगतो, वर्गणी म्हणा, सदस्यत्व म्हणा, बदल्यात काहीतरी द्या. वेगळं खातं उघडा. जमलेला पैसा पगार आणि विजेला गेला की जुन्या कर्जाच्या व्याजाला, हे दर महिन्याला हवेवरून सांगा. हे शेवटचं फार थोडे करतात. ट्रान्समीटरचं बिल वाचून दाखवायला लाज वाटते म्हणे. मदत मागायला मात्र वाटत नाही. माझ्या मते हजार आवाहनांपेक्षा एक वीजबिल हवेवरून वाचलं तर ते जास्त ऐकलं जाईल. साडेअकरा हजार युनिट, हा आकडा ऐकून गाडी चालवणारा माणूसही आवाज वाढवतो.

काही केंद्रांनी हे दुखणं मुळापासून काढायचा प्रयत्न केला. सिअ‍ॅटलचं केआयएनजी एफएम हे शास्त्रीय संगीताचं केंद्र अनेक दशकं जाहिरातींवर चाललं. २०११ मध्ये त्याने जाहिराती बंद केल्या आणि श्रोत्यांच्या पैशावर आलं. तिथे मालकीच आधीपासून ना-नफा संस्थेकडे होती, त्यामुळे 'मालक काय करतोय' या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. इटलीतल्या मिलानचं, १९७६ मध्ये सुरू झालेलं रेडिओ पोपोलारे जाहिरात आणि श्रोत्यांची वर्गणी अशा दोन्ही पायांवर उभं आहे. म्हणजे गादी आणि विनंती एका घरात नांदू शकतात, फक्त दोघींची आधीच ओळख करून दिलेली हवी. बुडापेस्टचं क्लुबरेडिओ वेगळ्या कारणाने या वळणावर आलं. ते गाण्यांपेक्षा बोलण्यावर चालणारं व्यावसायिक केंद्र. जाहिरातदार दूर झाले तशी श्रोत्यांकडे हाक गेली आणि श्रोत्यांनी ती ऐकली. १४ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्री ९२.९ मेगाहर्ट्‌झवरचा त्याचा आवाज परवान्याअभावी थांबला. पैसा होता, ऐकणारे होते, हवेतली जागा नव्हती. ते इंटरनेटवर गेलं, जिथे प्रत्येक ऐकणारा दिसतो आणि प्रत्येकाचे २९ एमबी मोजले जातात.

अशी उदाहरणं वाचून हुरूप येतो खरा, पण सगळीकडे ते लागू होईल असं वाटत नाही. लोक रेडिओला पैसे देतात ते दुसरीकडे न मिळणाऱ्या गोष्टीसाठी. शास्त्रीय संगीत, निर्भीड बोलणं, गावच्या नदीची पातळी, रात्री अडीचला जागं असलेलं माणूस. ज्या केंद्राने काटकसर म्हणून आधी नेमकं हेच काढून टाकलं, रात्रीचा माणूस घालवला, गाण्यांची यादी तीनशेवर आणली, बातमी दुसरीकडून उचलली, ते आता कशासाठी मागणार? उरलेली तीनशे गाणी तर फोनमध्ये आहेतच. आजारपणात आधी ताकद देणारं अन्नच बंद करावं, तसा हा क्रम. उलट करायला हवा होता: निवेदिका ठेवायची, मालकाच्या केबिनचा एसी काढायचा, गाड्या काढायच्या, स्टुडिओ लहान करायचा. पण स्टुडिओचा भाडेकरार नऊ वर्षांचा असतो आणि निवेदिकेचा अकरा महिन्यांचा.

आणि तरीही, त्या रात्री तिने मागितलं तेव्हा ते थोडंसं खरं वाटलं होतं. कार्यक्रम थेट होता. दोन गाण्यांआधी तिने वेळ सांगितली होती. म्हणजे ती तिथे बसली होती, समोर माईक, बाजूला दोन पडदे, एकावर लॉग. लॉगच्या ओळी दोन प्रकारच्या असतात. एक ओळ संपली की दुसरी आपोआप सुरू होते, ती एक. दुसरी माणसासाठी थांबते. निवेदक बोलून झाला की त्याने बटण दाबायचं, मग पुढचं वाजतं. बोलण्याच्या जागेनंतर नेहमी ही दुसरी असते, कारण माणूस किती वेळ बोलेल हे संगणकाला सांगता येत नाही. नंबर वाचून झाल्यावर पडद्यावर गादी उजळलेली असणार, वाट बघत. चार सेकंद बटण दाबलं गेलं नाही.

जाहिरातदाराला महिन्याच्या शेवटी बिल जाईल तेव्हा सोबत यादी जाईल, कोणता स्पॉट नेमका कधी वाजला याची, तास, मिनिट, सेकंदांसह. त्यावर एजन्सी आपले १५ टक्के कापेल आणि उरलेलं नव्वद दिवसांनी, जमलं तर, पाठवेल. या नव्वद दिवसांच्या मधल्या पोकळीसाठीच खरं तर ते आवाहन होतं. शांतता ओळखून गजर करणारं यंत्रही केंद्रात असतं, पण ते सहसा तीस सेकंदांवर लावलेलं असतं. चार सेकंदांना ते हलतसुद्धा नाही. यादीत मात्र ते येतात. आवाहन संपलं २१:४७:१२. गादी सुरू २१:४७:१६. यादी तपासणारा फक्त स्पॉट वाजला ना, एवढंच बघून खूण करतो.